तंबाखू सोडताना आधी वही, मग तारीख: तलफ ओळखून तिची जागा भरण्याची पद्धत

तंबाखू सोडायला निघालेली माणसं बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. एखाद्या रात्री डोकं तापतं, पुडी आणि चुन्याची डबी गटारात जाते, आजपासून बंद असं घरात जाहीर होतं. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, पोट साफ होत नाही, पोरांवर विनाकारण ओरडणं होतं आणि संध्याकाळी टपरीवर "एकच" म्हणत बार भरला जातो. मग घरचे म्हणतात, याचं मनच खंबीर नाही. हा निवाडा मला मुळीच पटत नाही. ज्या माणसाला दिवसातून आठ-दहा ठरलेल्या वेळी तंबाखू लागते, त्याने त्या वेळा नीट न पाहताच सगळ्या एकदम रिकाम्या केल्या, तर त्या भरायला तंबाखूच परत येणार.

खाली दिलेला क्रम मळून खायची तंबाखू, मिश्री, मावा, खर्रा आणि गुटखा यांसाठी आहे. विडी-सिगारेटलाही तो बराचसा लागू पडतो. सुरुवातीचा एक आठवडा नोंदीचा, दुसरा तयारीचा आणि त्यानंतर सोडण्याची तारीख. घाई असली तरी पहिला आठवडा गाळू नका. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

टप्पा १: आठवडाभर फक्त नोंद

खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन घ्या. मोबाइलवर लिहायची सवय असेल तर तिथे लिहा, पण वही पुडीच्या खिशातच ठेवता येते हा तिचा मोठा फायदा. पुडी काढायला हात गेला की आधी वही हाती लागते.

या आठवड्यात तंबाखू कमी करायची नाही. नेहमीइतकीच खायची, फक्त प्रत्येक वेळी तोंडात टाकण्याआधी चार गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, त्याच्या लगेच आधी काय घडलं, आणि तलफ किती होती. तलफेला तीनच दर्जे द्या: जोराची, मध्यम, काहीच नाही. "काहीच नाही" हा दर्जा वाचून लोक दचकतात, पण आठवड्याअखेरीस असे बार बरेच सापडतात. समोरच्याने हात पुढे केला म्हणून, बस यायला वेळ होता म्हणून, मळायला हात मोकळा होता म्हणून भरलेले.

नमुन्यादाखल एका रिक्षाचालकाच्या वहीतलं एक पान असं दिसेल:

६.१० – घरी, उठल्याबरोबर, चूळ भरायच्या आधी – कोठा साफ व्हावा म्हणून – जोराची
७.४५ – स्टँडवर, चहा संपल्यावर – मध्यम
९.३० – सिग्नलला, भाडं सोडल्यावर – काहीच नाही
११.०० – स्टँडवर, शेजारच्याने मळलेली दिली – काहीच नाही
२.१५ – जेवणानंतर – जोराची
४.३० – पोलिसाशी हुज्जत झाल्यावर – जोराची
९.४० – रात्री, जेवणानंतर, टीव्हीसमोर – मध्यम

सात नोंदी, पण कारणं किती वेगळी! पहिल्या बाराला जो पर्याय चालेल तो अकराच्या बाराला चालणार नाही. "तंबाखू" नावाची एकच सवय सोडायची आहे असं धरून चालणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

*सावधान:* रात्री झोपण्यापूर्वी एकदम सगळं आठवून लिहू नका. आठवणीत जोराचे बार राहतात, सवयीचे निसटतात. आणि बदलायचे तर नेमके ते निसटणारे बारच आधी बदलता येतात.

*तपासणी:* सात दिवसांत किमान एक सुट्टीचा दिवस आला का? आला नसेल तर नोंद आणखी एक-दोन दिवस चालू ठेवा. सुट्टीच्या दिवशी काहींची तंबाखू दुपटीने वाढते, काहींची निम्म्यावर येते. तारीख ठरवताना हे लागेल.

टप्पा २: नोंदी वेगळ्या करा

आठवडा झाला की वही घेऊन निवांत बसा आणि प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा.

"श" म्हणजे शरीराची तलफ. सकाळची पहिली, जेवणानंतरची, बराच वेळ न मिळाल्यावरची. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे रात्रभराच्या खंडानंतर सकाळी शरीर ते मागतं.

"स" म्हणजे सवयीची. चहा संपला, गाडी लावली, संगणक सुरू झाला, बांधावर टेकलो, की हात आपोआप खिशात. इथे शरीराचं मागणं फारसं नसतं.

"म" म्हणजे माणसांची. कुणी दिली, कुणी मागितली, चौघे जमले. आपल्याकडे चुना मागण्यातून ओळख होते आणि पुडी पुढे करण्यातून ती टिकते. ही बाजू हलकी समजू नका. कितीतरी जणांची सोडलेली तंबाखू याच दाराने परत आली आहे.

राग, काळजी, कंटाळा यांमुळे घेतलेल्या बाराला "स"मध्येच धरा, पण खाली रेघ मारा. त्याला वेगळा पर्याय लागतो.

आता मोजा. "श" जास्त असतील, सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल, आजारपणातही खंड पडत नसेल किंवा तोंडात बार ठेवून झोपण्याची सवय असेल, तर तुमचं शरीर निकोटिनवर घट्ट अवलंबून आहे. अशा वेळी नुसत्या निर्धारावर जाऊ नका. टप्पा ४ तुमच्यासाठी महत्त्वाचा. "स" आणि "म" जास्त असतील तर औषधाशिवायही काम होण्याची शक्यता चांगली.

टप्पा ३: प्रत्येक जागेला तिचा पर्याय

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून पाहू.

पर्याय चालायचा तर तो त्याच वेळी, त्याच जागी, खिशात किंवा हाताशी हजर हवा. "तलफ आली की व्यायाम करीन" हा पर्याय सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षात निरुपयोगी आहे. शिवाय तंबाखूने जे मिळत होतं त्यातला निदान एक भाग त्याने दिला पाहिजे: तोंडात काहीतरी चघळायला, हाताला काम, उठून बाजूला जायचं निमित्त, किंवा दोन घटका सोबत.

*तोंडासाठी.* बडीशेप, धणाडाळ, भाजलेले तीळ-जवस, ओवा, लवंग, वेलची, वाळवलेला आवळा. एकच धरू नका, दोन-तीन ठेवा, कारण चार दिवसांत एकाच चवीचा कंटाळा येतो. जुन्या चुन्याच्या डबीत बडीशेप भरायची युक्ती काहीजण सांगतात. मला ती नापसंत आहे. डबी हातात आली की अंगठा तळव्यावर फिरायला लागतो. नवी, वेगळ्या आकाराची डबी घ्या.

*हातासाठी.* मळून खाणाऱ्यांना ही उणीव जास्त जाणवते. तळहातावर चिमूट घेऊन चुना लावून अंगठ्याने घासणं, मग थापटी मारून भुकटी उडवणं, यात एखादं मिनिट जातं आणि मन तेवढ्यात शांत होऊ लागतं. शेंगा सोलून खाणं, जपमाळ, किल्ल्यांचा जुडगा, रबरी चेंडू, जे तुमच्या कामात शोभेल ते घ्या.

*सकाळच्या पहिल्या बारासाठी.* "तंबाखूशिवाय कोठा साफ होत नाही" ही तक्रार खरी आहे. निकोटिन आतड्यांना चालना देतं, आणि ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. आतडी काही आठवड्यांत आपापल्या वळणावर येतात. तोपर्यंत उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी आणि पेरू, आणि सकाळी पंधरा मिनिटं चालणं. हे सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधीपासून सुरू करा. तारखेच्या दिवशी सुरू केलंत तर फायदा दिसेपर्यंत तुम्ही पुडीकडे वळलेले असाल.

*चहानंतरच्या बारासाठी.* चहा सोडायची गरज नाही, चहाची जागा बदला. टपरीवर पीत असाल तर काही आठवडे दुसऱ्या टपरीवर, किंवा घरून थर्मासमध्ये. उभ्याने पीत असाल तर बसून. चहा संपताच उठून चूळ भरा. बार भरायची वेळ जुन्या खुणांवरून येते, खुणा हलवल्या की तिचा जोर कमी होतो.

*जेवणानंतरच्या बारासाठी.* शेवटचा घास झाला की ताटावरून उठून लगेच दात घासा. पेस्टच्या चवीवर बार भरावासा वाटत नाही. कामावर ब्रश नेता येत नसेल तर चूळ भरून लवंग धरा आणि शंभर पावलं चाला.

*राग-काळजीच्या बारासाठी.* जागा सोडणं हा पहिला उपाय. तोंडावर पाणी मारा, दहा सावकाश श्वास घ्या, कुणाला तरी फोन लावा. हा फोन कुणाला लावायचा ते आधी ठरलेलं असू द्या. ऐनवेळी कुणी आठवत नाही, पुडी मात्र आठवते.

*माणसांच्या बारासाठी.* एक वाक्य पाठ करा आणि तेच सगळ्यांना म्हणा: "सोडलीये. मला देऊ नकोस, माझ्याकडे मागूही नकोस." दातांचं औषध चालू आहे, आज नको, घसा बसलाय, असली निमित्तं देऊ नका. निमित्त संपलं की समोरचा परत हात पुढे करतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

मिश्रीबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे. मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत, "मी नुसती दाताला लावते" म्हणतात. भाजून काळी केलेली ती तंबाखूच आहे, आणि हिरडीतून निकोटिन तितक्याच सहज रक्तात जातं. दिवसातून दोनदा दात घासण्यापुरती सुरू झालेली मिश्री चुलीपाशी, धुणं झाल्यावर, दुपारी ओटीवर अशी पाच-सहा वेळा लागत असेल तर वहीत प्रत्येक वेळ लिहा. सकाळच्या मिश्रीला पेस्ट आणि ब्रश हा पर्याय चालतो. दुपारच्या मिश्रीला चालत नाही, कारण ती बहुतेकदा विसाव्याची वेळ असते. घरातल्या बाईला कामातून दहा मिनिटं बसायला मिळतं ते मिश्रीच्या निमित्ताने. ते बसणं कायम ठेवा, त्यात बडीशेप, ताक, शेजारणीशी गप्पा काहीही आणा, पण बसा. सुनेने किंवा मुलाने मिश्रीची डबी लपवून ठेवण्यापेक्षा ती दहा मिनिटं आईला मिळतील एवढं पाहावं. दाढदुखीसाठी मिश्री लागत असेल तर आधी दाढ दाखवा. दुखणं तसंच राहिलं तर मिश्री सुटणार नाही.

*सावधान, इथे चूक करू नका:* तंबाखू सोडून सुपारी, सुगंधी सुपारी किंवा "तंबाखूविरहित" पानमसाला धरणं हा पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ च्या अहवालात सुपारी, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग घडवणारी ठरवली आहे. तोंड हळूहळू उघडेनासं होण्याचा जो आजार आपल्याकडे मावा-खर्रा-गुटखा खाणाऱ्या तरुण मुलांत दिसतो, त्याचं मुख्य कारणही सुपारीच. मावा खाणाऱ्याने तंबाखू काढून नुसती सुपारी-चुना घोटून घेतला तर त्याने अर्धंच सोडलं. तपकीर आणि गुल यांतही तंबाखू आहे. आवळासुपारीच्या पाकिटावर घटक वाचा, त्यात खरोखर नुसता आवळा आहे ना ते पाहा.

*तपासणी:* वहीतल्या प्रत्येक नेहमीच्या वेळेपुढे एक पर्याय लिहिला गेला का? एखादी वेळ कोरी असेल तर तारीख ठरवू नका.

टप्पा ४: तोंड तपासा, औषधाचा निर्णय घ्या

दिवसाउजेडी आरशासमोर उभं राहा. दोन्ही गालांची आतली बाजू, ओठाचा आतला भाग, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली. जिथे चिमूट ठेवता ती जागा विशेष पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, आधी चालणारं तिखट आता सहन न होणं, विनाकारण हलणारा दात, मानेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा. आपली तीन बोटं, मधल्या पेरांपर्यंत, उभी करून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तरीही दाखवा. "सोडल्यावर जाऊ" असं म्हणत थांबू नका. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असल्याने काहीजण डॉक्टरांपुढे गुटख्याचं नावच घेत नाहीत. डॉक्टर तक्रार करायला बसलेले नाहीत, नेमकं काय आणि किती खाता ते सांगा.

आता औषध. निकोटिनचं च्युइंगम २ मिलिग्रॅमच्या मात्रेत औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ज्यांना उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते त्यांना सहसा ४ मिलिग्रॅमचं सुचवतात. तोंड नीट उघडत नसेल, जबडा दुखत असेल, तर चघळणं जमणार नाही. अशांसाठी त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या असतात, आणि निकोटिन नसलेल्या गोळ्याही डॉक्टर देऊ शकतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, छातीत दुखणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये.

च्युइंगम लोक हमखास चुकीचं खातात आणि मग "मळमळलं, उचकी लागली, उपयोग नाही" म्हणून टाकून देतात. ते बडीशेपेच्या गोळीसारखं सतत चघळायचं नसतं. सावकाश चावा. तोंडात तिखटसर मिरमिर जाणवली की थांबा आणि ते गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. मिरमिर गेली की पुन्हा थोडं चावा, पुन्हा ठेवा, पण जागा बदलून. असं साधारण अर्धा तास चालतं. खाण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूसरबत, कोकम, थंड पेय काही नको. आंबट पदार्थांनी आणि कॉफीने निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. चहानंतर लगेच च्युइंगम टाकणाऱ्याला ते फुकट गेल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

पहिले सहा आठवडे तलफेची वाट न पाहता दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत नेऊन साधारण बारा आठवड्यांत बंद, असा त्याचा क्रम असतो. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडणं ही दुसरी नेहमीची चूक. आणि च्युइंगम घेत असताना वरून तंबाखू खाऊ नका.

टप्पा ५: तारीख ठरवा

तारीख दहा दिवसांच्या आतली असावी. त्याहून लांबली की "अजून वेळ आहे" म्हणत माणूस जास्तच खातो.

पंचांगापेक्षा वही पाहा. सुट्टीला तंबाखू कमी होत असेल तर सुट्टीच्या दिवशी सोडा, म्हणजे कठीण दिवस घरी निघतील. सुट्टीला वाढत असेल तर कामाच्या दिवशी सोडा. तारखेपासून पुढच्या आठवड्यात घरचं लग्न, जत्रा, परीक्षा, रात्रपाळी बदलणं, ऊसतोडीचा सुरुवातीचा दणका असं काही येत नाही ना ते बघा.

श्रावणापुरती किंवा चातुर्मासापुरती सोडणारे बरेच असतात. सोडण्याची सुरुवात म्हणून ही वेळ उत्तम आहे, घरातलं वातावरणही साथ देतं. अडचण शेवटाच्या तारखेची आहे. ज्याच्या मनात "श्रावण संपला की" बसलेलं असतं तो महिनाभर पर्याय बसवत नाही, दिवस मोजत राहतो. व्रत धरायचं तर बिनमुदत धरा. तुळशीची माळ घालून सोडणाऱ्यांनीही वही आणि पर्याय हे काम करूनच माळ घालावी. माळ मनाला धरून ठेवते, आतडी आणि झोप यांची सोय मात्र आपल्यालाच करावी लागते.

तारीख येईपर्यंत वहीतले "काहीच नाही" दर्जाचे बार आजपासूनच बंद करा. ते सोपे आहेत, आणि पर्याय चालतात की नाही हे त्यांच्यावर पारखता येतं. जोराच्या बारांना अजून हात लावू नका.

टप्पा ६: आदली संध्याकाळ

पुड्या, डब्या, मिश्रीचं भांडं, सगळं घराबाहेर. शर्टाचे खिसे, गाडीची डिकी, कामाच्या ठिकाणचा खण, गोठ्यातली फळी, उशीखाली, सगळीकडे शोधा. "पाहुण्यांसाठी असू दे" म्हणून एक पुडी ठेवू नका. खिसे असलेले कपडे धुऊन टाका, वास राहतो.

घरातल्या एका माणसाला आणि कामावरच्या एकाला तारीख सांगा. घरच्यांना हेही सांगा की पुढचे काही दिवस चिडचिड होईल, ती तुमच्यावर नसेल. त्यांनी खिसे तपासू नयेत आणि तासातासाला विचारू नये, एवढंच त्यांच्याकडून हवं. टपरीवाल्याला स्वतः जाऊन सांगा की उद्यापासून देऊ नकोस, आणि उधारी असेल तर आजच चुकती करा. उधारी द्यायला म्हणून जाणं हे परत सुरू होण्याचं ठरलेलं निमित्त आहे.

टप्पा ७: पहिले तीन दिवस

या तीन दिवसांत दुसरी कुठलीही चांगली सवय लावायला घेऊ नका. वजन कमी करणं, चहा बंद, पहाटे पाचला उठणं, सगळं नंतर.

चिडचिड, बेचैनी, डोकेदुखी, झोप उडणं, लक्ष न लागणं, सारखी भूक ही लक्षणं पहिल्या दिवसापासून सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतात आणि दोन ते चार आठवड्यांत उतरत जातात. तिसरा दिवस वाईट जातो तो सगळ्यांचाच, त्यावरून "माझ्याने होणार नाही" असा निष्कर्ष काढू नका.

एकेक तलफ साधारण पाच-दहा मिनिटं टिकते. ती चढते आणि न खाताही उतरते, हे एकदा घड्याळ लावून पाहाच. तलफ आली की या क्रमाने करा: घड्याळ बघा, जागा सोडा, पाणी घोट घोट प्या, वहीतला त्या वेळेचा पर्याय काढा. दहा मिनिटांनी पुन्हा घड्याळ बघा. वहीत फक्त वेळ आणि एक फुली. या फुल्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजा. जिची फुली आहे ती प्रत्येक तलफ तुम्ही काढून दाखवलेली आहे.

दारू पीत असाल तर निदान पहिला महिना ती बैठक टाळा. दोन पेल्यांनंतर वही कुणाला आठवत नाही.

*सावधान:* काही जणांना या काळात नैराश्य येतं. आधी कधी नैराश्याचा किंवा इतर मानसिक आजाराचा उपचार घेतला असेल तर तारीख ठरवण्यापूर्वीच त्या डॉक्टरांशी बोला. नकोसे विचार येऊ लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टप्पा ८: चौथ्या दिवसापासून तीन महिने

"२१ दिवसांत सवय बदलते" हे वाक्य फार पसरलं आहे आणि त्याने फार नुकसान केलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी साधी सवय, जसं जेवणाबरोबर फळ किंवा पाणी, लावायला देऊन पाहिलं. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. तुमची बडीशेप, जेवणानंतरचं ब्रश, सकाळचं चालणं याच जातीच्या सवयी आहेत. बाविसाव्या दिवशी तलफ आली तर काही बिघडलं असं समजू नका, आणि तेव्हाच पर्याय बंदही करू नका.

आठवड्यातून एकदा वही उघडा. कोणत्या वेळेला पर्याय सहज निघतोय, कोणत्या वेळेला ओढाताण होतेय ते पाहा. ओढाताण होत असेल तिथे पर्याय बदला. भूक वाढून वजन चढत असेल तर तळलेलं, गोड चघळणं काढून काकडी, गाजर, भाजके चणे आणा.

तंबाखूचे रोजचे पैसे रोज संध्याकाळी डब्यात टाका. महिनाअखेरीला हिशेब करून नव्हे, रोज. रोज हातात नोट येते तेव्हाच ती वाचलेली दिसते.

शरीराची तलफ बसल्यानंतर "म" अक्षरवाले बार डोकं वर काढतात. लग्नाची पंगत, भजनाची रात्र, मयताला जमलेली माणसं, कबड्डीचे सामने, निवडणुकीतलं जागरण. अशा ठिकाणी जाण्याआधी पर्याय खिशात आहे ना बघा आणि पाठ केलेलं वाक्य एकदा मनात म्हणा. पानाचं तबक आलं की विडा उघडून सुपारी काढून टाका, किंवा नुसती वेलची उचला.

पाय घसरला तर

वर सांगितलेल्या पाहणीत एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नव्हता. फळ खाण्याच्या बाबतीत हे खरं आहे, म्हणून बडीशेप किंवा चालणं एक दिवस राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. तंबाखूला मात्र ही सूट लावू नका. एका बारानंतर शरीर दुसरा मागतं, म्हणून "महिन्यातून एखाद्या वेळी" हा करार टिकत नाही.

तरीही एक बार झाला तर तोंडातली चिमूट थुंकून चूळ भरा, उरलेली पुडी तिथेच टाका, आणि पुढचा बार टाळण्यावर लक्ष द्या. नवी तारीख, नवा मुहूर्त शोधत बसू नका, तेवढ्या दिवसांत जुनं सगळं बसतं. त्या दिवशीच वहीत पहिल्या आठवड्यासारखी पूर्ण नोंद करा: वेळ, जागा, आधी काय घडलं, तलफ किती. बहुतेकदा तिथे एखादी अशी वेळ सापडते जी पहिल्या वहीत आलीच नव्हती, जसं प्रवास, आजारी माणसाची रात्रीची सोबत, पगाराचा दिवस. तिला पर्याय लिहा. हे दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा घडत असेल आणि तलफ जोराची असेल, तर चूक पर्यायात नसून औषधाची मात्रा कमी पडत असेल, ती डॉक्टरांना दाखवून ठरवा.

सल्ल्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी आहे, क्रमांक १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत. हाच क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच्या इशाऱ्यात छापलेला असतो. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत, तिथे समुपदेशन मोफत मिळतं. फोन करण्याआधी वही समोर घ्या. काय खाता, दिवसातून किती वेळा, उठल्यापासून किती वेळाने पहिला बार, आधी कितीदा सोडली आणि कशामुळे परत सुरू झाली, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, हे ते विचारतील. उत्तरं तयार असली की तोच फोन नेमक्या सल्ल्यापर्यंत लवकर पोचतो.